दाताचं काम सरकारीत करायचं की खासगीत? ठाणे आणि नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारले जातात आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा सुटका नसते. मी दंतवैद्य आहे आणि ठाण्यात माझा स्वतःचा खासगी दवाखाना आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकू शकतं हे लक्षात ठेवूनच वाचा. ‘सरकारी बरं की खासगी’ याला एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उत्तर कामागणिक बदलतं. एकाच माणसाने अक्कलदाढ सरकारीत काढावी, रूट कॅनल कॉलेजात करावं आणि पुढच्या दाताची कॅप खासगीत बसवावी, यात काहीच गैर नाही.

१. ठाण्यात किंवा नवी मुंबईत दातांसाठी ‘सरकारी’ म्हणजे नेमकं कुठे जायचं?

सरकारी म्हणताना आपण चार वेगळी दारं एकत्र करतो. पहिलं राज्य सरकारचं: ठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. टेंभी नाक्याजवळची जुनी इमारत पाडून तिथे नवं रुग्णालय बांधायला घेतल्यावर कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलवला गेला. म्हणून निघण्याआधी दंत विभागाची ओपीडी सध्या कुठे आणि कोणत्या वेळेत असते, हे फोनवर विचारून घ्या. दुसरं महापालिकेचं: ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची पालिका रुग्णालयं. तिसरं कामगार विमा योजनेचं, म्हणजे ईएसआयसीचं (प्रश्न १२). चौथं थेट मुंबईत: सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय. यातलं पहिलं राज्य सरकारचं, दुसरं मुंबई महापालिकेचं. ठाण्याहून सीएसएमटी सोपं, शेवटच्या स्टेशनला उतरून चालत जाता येतं. नायरसाठी दादरला गाडी बदला.

२. नेरूळ-बेलापूरची डेंटल कॉलेजं सरकारी आहेत ना?

नाहीत. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक ‘मी सरकारीत दाखवलं’ असं सांगतात आणि केसपेपर निघतो खासगी कॉलेजचा. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा, कामोठ्याला एमजीएम. ही सगळी खासगी संस्थांची कॉलेजं आहेत. पण विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात आणि ठरावीक संख्येने कामं पूर्ण केल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही, म्हणून तिथले दर बाजारभावाच्या बरेच खाली असतात.

माझ्या मते आपल्या भागात खरी निवड दोघांत नाही, तिघांत आहे: सरकारी, कॉलेज, खासगी. इतक्या कमी अंतरात पाच डेंटल कॉलेजं हाताशी असणं ही चैन आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की एका तिकिटात नेरूळ. तरीही कित्येक ठाणेकरांना याचा पत्ता नसतो.

३. मग सरळ सांगा, कुठलं काम कुठे करावं?

आधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. काम एका बैठकीत संपणारं आहे की खेटे घालावे लागणार? आणि काम बिघडलं तर दात हातचा जाणार का?

हलणारा किंवा पार किडलेला दात काढणं, दात साफ करणं, साधं सिमेंट भरणं, एक्स-रे काढून निदान करून घेणं, ही कामं सरकारीत नि:शंक करा. दात काढण्यात तर सरकारी डॉक्टरांचा हात आमच्यापेक्षा साफ असतो, कारण आम्ही आठवड्यात जितके दात काढतो तितके ते एका सकाळी काढतात. जबड्याचं फ्रॅक्चर, मोठी गाठ, पसरलेली सूज यांसाठी तर खासगी क्लिनिकची पायरी चढूच नका. भूलतज्ज्ञ, आयसीयू आणि रक्तपेढी जिथे एका छताखाली आहे तिथेच जा.

दाढेचं रूट कॅनल, आडवी अडकलेली अक्कलदाढ, पूर्ण कवळी, तारा, हिरड्यांची शस्त्रक्रिया यांसाठी हाताशी वेळ असेल तर कॉलेज. रूट कॅनलची एक बैठक दोन-अडीच तास चालू शकते, पण प्रत्येक टप्प्यावर एक्स-रे होतो आणि शिक्षक येऊन बघतात. घाईच्या क्लिनिकमध्ये हे टप्पे गाळले जाण्याची भीती असते.

खासगी कधी? रोजंदारीवर आहात किंवा सुट्टी मिळत नाही, संध्याकाळी आठनंतरच वेळ आहे, समोरच्या दातांचं काम असून रंग-आकाराबद्दल तुम्ही चोखंदळ आहात, मूल घाबरट आहे, किंवा एकच डॉक्टर वर्षानुवर्षं हवा आहे. हिशेब करताना बुडालेला रोज धरायला विसरू नका. नाका कामगाराने पाच दिवसांची मजुरी बुडवून कॉलेजात स्वस्तातलं रूट कॅनल केलं, तर ते स्वस्त पडलंच असं नाही.

इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, सिव्हिलमध्ये शोधू नका. कॉलेज किंवा खासगी. हाड आणि स्क्रू यांचा सांधा जमायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे ‘एका दिवसात पक्के दात’ ही पाटी वाचून लगेच ॲडव्हान्स देऊ नका. काही निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दात बसवता येतो, सगळ्यांत नाही.

४. सरकारीत खरंच फुकट असतं का?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. सिव्हिल यात येतं. महापालिकेची रुग्णालयं आणि वैद्यकीय शिक्षण विभागाची कॉलेजं या निर्णयात नव्हती, त्यांचे दर वेगळे असतात. दर किरकोळ असले तरी कॅप, कवळी अशी जी कामं लॅबमध्ये बनतात त्यांचे पैसे निराळे लागू शकतात. म्हणून कामाला हात घालू देण्याआधी एवढंच विचारा: “लॅबचा खर्च किती आणि तो कुठे भरायचा?” पैसे खिडकीवर भरा, पावती घ्या. कोणी हातात मागितले तर देऊ नका.

५. खासगीत एकाच कामाचे दर इतके वेगळे का? कोण लुटतंय?

दाढेचं रूट कॅनल एकजण ४,००० रुपयांत करतो, दुसरा १०,००० सांगतो, हे खरं आहे. दोघांत चोर कोण, हे आकड्यावरून कळत नाही.

दरात काय काय असतं ते बघा. घोडबंदर रोडला किंवा पाम बीच रोडला गाळ्याचं भाडं, हा एक भाग. दुसरा, काम कोण करतं: अनेक क्लिनिकमध्ये रूट कॅनलचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी येतात आणि त्यांची फी वेगळी असते. तिसरा, काय वापरतात. आणि सगळ्यात मोठा घोळ कॅपचा: ‘रूट कॅनल ४,०००’ या दरात कॅप धरलेली नसते. मागच्या दाढेवर रूट कॅनलनंतर कॅप बहुतेक वेळा लागतेच, कारण पोखरलेला दात चावताना चिरतो. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली किंवा झिर्कोनियाची (पांढरं, मजबूत सिरॅमिक). भाव याच क्रमाने चढत जातो. दिसत नसलेल्या शेवटच्या दाढेला साधी धातूची कॅप उत्तम टिकते. ती सुचवली म्हणून डॉक्टर मागासलेला ठरत नाही, उलट मी तर म्हणेन माणूस बरा आहे.

तेव्हा दर विचारताना ‘एक्स-रे, वरचं पक्कं भरणं आणि कॅप धरून एकूण किती’ असं विचारा आणि कागदावर लिहून घ्या. झिर्कोनियाची कॅप असेल तर लॅबचं वॉरंटी कार्ड मागा.

६. सरकारीत वाचणारा दातसुद्धा काढून टाकतात म्हणे. खरं का?

अर्धं खरं. एका खुर्चीमागे रांग लागलेली असते आणि काढणं दहा मिनिटांत होतं, वाचवायला तीन बैठका लागतात. शिवाय रुग्णच म्हणतो, “काढूनच टाका डॉक्टर, पुन्हा पुन्हा कोण येणार!” डॉक्टर वाद घालत बसत नाहीत.

तुम्हाला दात ठेवायचा असेल तर खुर्चीत बसताच सांगा: “वाचत असेल तर वाचवायचा आहे, इथे होत नसेल तर कॉलेजला पाठवा.” चिठ्ठी मिळते. काढलेल्या एका दाताच्या जागी पुढे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा इम्प्लांट बसवायचं झालं तर जो खर्च येतो, तो रूट कॅनलपेक्षा बराच जास्त असू शकतो. मात्र मूळच दुभंगलं असेल, हाड झिजून दात डुगडुगत असेल, तर काढायला सांगणारा डॉक्टर तुमचे पैसे वाचवतोय.

७. कॉलेजात विद्यार्थी माझ्या तोंडात शिकणार का?

हो, पण कोणता विद्यार्थी, यात फरक आहे. बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. एमडीएस म्हणजे पदव्युत्तर (पीजी), त्यापुढची तीन वर्षं. एमडीएस करणारा हा आधीच पदवीधर, नोंदणीकृत दंतवैद्य असतो. दाढेचं रूट कॅनल असेल तर ‘पीजीकडे द्या’ असं नम्रपणे सांगायला काही हरकत नाही.

पहिला दिवस कसा जातो हे माहीत असलं की चिडचिड होत नाही. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीवर केसपेपर. मग ‘ओरल मेडिसिन’ नावाच्या विभागात तोंडात आरसा घालून नोंदी होतात, एक्स-रे निघतो आणि केसपेपरवर पुढच्या विभागाचं नाव पडतं: भरणं आणि रूट कॅनल ‘कन्झर्व्हेटिव्ह’मध्ये, काढणं ‘ओरल सर्जरी’त, कवळी-कॅप ‘प्रॉस्थो’त, हिरड्या ‘पेरिओ’त, मुलं ‘पेडो’त. त्यातच दुपार होते. पहिल्याच दिवशी काम होईल अशी आशा ठेवू नका, डबा आणि औषधं बरोबर ठेवा. ज्या विद्यार्थ्याकडे तुमची केस आली त्याचा मोबाइल नंबर घ्या, पुढच्या तारखा तोच देतो. परीक्षांच्या दिवसांत तारखा लांबतात.

८. हत्यारं स्वच्छ असतात का? बाबांना कावीळ वगैरे होईल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे, हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो. पण पांढरी फरशी आणि एसी पाहून निष्कर्ष काढू नका. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने जंतू मारणारं यंत्र) निघालेली हत्यारं कागद-प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात येतात. पाकिटावर एक छोटा बाण किंवा पट्टी छापलेली असते, वाफेची उष्णता मिळाली की तिचा रंग बदलतो. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्या पट्टीकडे बघा. सुई आणि ब्लेड नवीन, हातमोजे तुमच्यासमोर बदललेले. सरकारी असो की खासगी, विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो तिथून उठा.

९. पाटीवर ‘दातांचा दवाखाना’ लिहिलंय. माणूस खरा डॉक्टर आहे हे कसं ओळखायचं?

बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, दोन्ही हवं. नोंदणी १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून बंधनकारक आहे. प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर विचारा. दात बनवणारे कारागीर, म्हणजे टेक्निशियन, कवळी उत्तम घडवतात, पण तुमच्या तोंडात सुई घालायचा अधिकार त्यांना नाही. फूटपाथवर लगेच पक्का दात चिकटवून देणाऱ्यांबद्दल एवढंच सांगतो: तो दात शेजारच्या दातांना तारेने किंवा चिकटद्रव्याने जखडलेला असतो, खाली अन्न सडतं आणि एकाच्या बदल्यात तीन दात जातात.

१०. दाढ दुखत होती म्हणून गेले तर चार रूट कॅनल सांगितली. विश्वास ठेवू का?

ठेवा किंवा ठेवू नका, आधी एक्स-रे मागा. जो दात ठणकतोय त्याचं काम सुरू करा, बाकीचे पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतात. दुखत नसलेल्या दाताला रूट कॅनल कधी लागतंच नाही असं नाही, नस मेलेली असेल तर दुखत नाही. पण मग डॉक्टरला एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी काळा डाग दाखवता आला पाहिजे, किंवा कीड नसेपर्यंत गेलेली दाखवता आली पाहिजे.

दुसरं मत घ्यायला कॉलेजसारखी जागा नाही. तिथल्या ओरल मेडिसिनला तुमच्याकडून चार कॅपचे पैसे मिळवायचे नसतात. दुसऱ्या डॉक्टरला पहिल्याचं नाव आणि दर आधी सांगू नका. एक्स-रे ठेवा आणि ‘काय दिसतंय’ एवढंच विचारा.

११. रूट कॅनल अर्धवट झालंय, पैसे संपले. उरलेलं सरकारीत किंवा कॉलेजात करतील का?

करतात, पण कुरकुरत. दुसऱ्याने उघडलेल्या दातात आत काय ठेवलंय, किती मुळं सापडली, एखादी फाइल (मूळ आतून साफ करायची बारीक सुई) तुटून अडकली आहे का, हे नव्या डॉक्टरला माहीत नसतं. म्हणून जुने एक्स-रे आणि काय झालं याची दोन ओळींची चिठ्ठी घेऊन जा. पहिला डॉक्टर चिठ्ठी द्यायला टाळाटाळ करत असेल तर प्रश्न २१ पाहा. नव्या जागी बहुतेकदा काम पहिल्यापासून धरतात.

दुखायचं थांबलं म्हणून तात्पुरत्या सिमेंटवर वर्ष काढणं, ही आमच्याकडे नेहमी दिसणारी गोष्ट. ते सिमेंट काही आठवड्यांसाठी असतं. झिजलं की लाळ आत शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

१२. पगारातून ईएसआयसी कापतात. दातांसाठी चालतं का?

चालतं, आणि कुटुंबालाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, म्हणजे पैसे आधीच भरलेले आहेत. ठाण्यात वागळे इस्टेटचं कामगार रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं. आधी तुमच्या नावावरच्या दवाखान्यात जाऊन चिठ्ठी घ्यायची असते. ई-पहचान कार्डावर बायकामुलांची नावं चढवली आहेत का, हे आजच तपासा. दाढ दुखायला लागल्यावर कंपनीच्या एचआरच्या मागे धावणं फार जिवावर येतं.

१३. महात्मा फुले योजनेत किंवा मेडिक्लेममध्ये रूट कॅनल बसतं का?

नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. जबड्याची शस्त्रक्रिया, तोंडाचा कर्करोग अशा गोष्टी तिथे विचारायच्या. भरणं, कॅप, कवळी नाही. साध्या मेडिक्लेममध्येही दातांची कामं वगळलेली असतात, अपघातात दुखापत होऊन दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीचा वेगळा भाग असतो. मार्च संपायच्या आत तो वापरून टाका, असं मी आयटीवाल्या पेशंटना नेहमी सांगतो.

१४. मुलाची दाढ किडली आहे, पण दुधाचीच आहे. पडणारच ना? कशाला खर्च?

आधी ती दुधाची आहे का ते बघा. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे चार पक्क्या दाढा येतात. कोणताही दात न पडता येतात, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ही दाढ पुन्हा येत नाही.

आणि दुधाची असली तरी शेवटच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. आधीच काढल्या तर मागची दाढ पुढे सरकते, पक्क्या दाताची वाट अडते आणि मग तारा. शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ते दातही बघतं आणि सरकारी रुग्णालयात पुढे पाठवतं. १८ वर्षांपर्यंत हा मार्ग खुला आहे. दुभंगलेले ओठ-टाळू असतील तर तो जरूर वापरा. एरवी साध्या कामासाठी कॉलेजचा ‘पेडो’ विभाग छान. मूल खुर्ची पाहूनच किंचाळत असेल, तर शांत वेळ देणारा खासगी बालदंततज्ज्ञ शोधा. इथे पैसे घालवलेले मला पटतात.

१५. मुलीच्या तारा कॉलेजात लावल्या तर मध्येच डॉक्टर बदलतील?

बदलू शकतात. तारांचं काम दीड-दोन वर्षं चालतं आणि एमडीएसचा विद्यार्थी तीन वर्षांनी बाहेर पडतो. सुरुवातीलाच विचारा, “तुम्ही कितव्या वर्षाला आहात?” पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे केस असेल तर तोच शेवटपर्यंत नेण्याची शक्यता जास्त. बदलला तरी शिक्षक तेच असतात, फाइल तिथेच असते. दहावी-बारावीचं वर्ष, क्लासच्या वेळा आणि दर महिन्याची एक सकाळ, हे गणित जमत नसेल तर खासगी बरं; बहुतेक जण हप्ते लावून देतात.

१६. बाबांना शुगर, बीपी आणि रक्त पातळ होण्याची गोळी आहे. दात कुठे काढू?

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दात काढल्यावरचं रक्त कापूस दाबून आणि टाके घालून थांबवता येतं. बंद केलेल्या गोळीमुळे आलेला झटका थांबवता येत नाही. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, ताजा शुगरचा रिपोर्ट आणि गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा. कृत्रिम झडप असेल तर काम सुरू होण्याआधी अँटिबायोटिक लागतं, ते आवर्जून सांगा. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन घेतलं असेल तर तेही. लोकांना ते औषध वाटतच नाही, पण काढलेल्या दाताची जखम क्वचित नेमकी त्याच्यामुळे भरत नाही. अशा रुग्णाला फिजिशियन जवळ असलेली जागा बरी: कळव्यासारखं मोठं रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजला जोडलेलं डेंटल कॉलेज. सकाळची वेळ घ्या आणि उपाशीपोटी नेऊ नका.

१७. पाचवा महिना आहे. बाळंतपणापर्यंत थांबू का?

थांबू नका. चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला सगळ्यात सोयीचा. गरज असेल तर एप्रन घालून दाताचा एक्स-रे चालतो, भूलही चालते. सातव्या महिन्यानंतर खुर्चीत पाठीवर पडून राहणं अवघड जातं. दाताला सूज आणि पस असेल तर महिना कोणताही असो, लगेच दाखवा.

१८. रात्री दोनला दाढ ठणकतेय. कुठे जाऊ?

नुसता ठणका असेल तर सकाळपर्यंत निभावता येतं. नेहमी चालणारी वेदनाशामक गोळी पोटात घ्या. दाढेवर किंवा हिरडीवर गोळी ठेवू नका, हिरडी भाजते. घरात पडलेलं अँटिबायोटिक घेऊ नका, नसेच्या दुखण्यावर ते लागू पडत नाही. बसून राहा, आडवं झालं की ठणका वाढतो.

पण जबड्याखाली सूज पसरतेय, ताप आहे, थुंकी गिळता येत नाही, आवाज जड झालाय, तोंड उघडत नाही, यातलं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. ही सूज श्वासनलिका दाबू शकते. रिक्षा करा आणि मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, सरकारी असो की खासगी. इथे दर विचारण्यात वेळ घालवू नका.

१९. क्रिकेट खेळताना मुलाचा दात मुळासकट बाहेर आला. आता?

पक्का दात असेल तर घड्याळ सुरू झालं. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. घासू नका, रुमालात गुंडाळू नका. माती लागली असेल तर हलकेच धुऊन जागेवर बसवा, नाही जमलं तर थंड दुधात टाका. अर्धा-पाऊण तासात जवळच्या ज्या दंतवैद्याचं दार उघडं असेल तिथे शिरा. नेरूळच्या कॉलेजपर्यंत जाण्यात ती वेळ निघून जाते. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नसतो, मात्र तपासून घ्या.

२०. आईला मिश्रीची सवय आहे. गालात पांढरा चट्टा आहे, दुखत नाही. दाखवायला हवं का?

हो, या आठवड्यात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायला वापरली म्हणून तो मंजन होत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मिश्री मात्र कित्येक घरांत मोरीच्या फळीवरच असते आणि बायका डॉक्टरला सांगायला लाजतात.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट झोंबणं, तोंडात आपलीच तीन बोटं उभी न मावणं, ही दाखवायची लक्षणं आहेत. न दुखणं हे चांगलं लक्षण समजू नका. जागा: डेंटल कॉलेजचा ओरल मेडिसिन विभाग किंवा सरकारी रुग्णालय. तिथे तुकडा काढून तपासायची सोय असते. पुढे गरज लागली तर परळचं टाटा आणि खारघरचं त्यांचंच ॲक्ट्रेक आपल्या भागाला जवळ आहे. खासगीत आधी दात साफ करून घेऊ, मग बघू, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

२१. काम बिघडवलं आणि आता फोन उचलत नाहीत. तक्रार कुठे?

आधी कागद गोळा करा: पावत्या, एक्स-रे, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं. उपचाराच्या नोंदींची प्रत लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. मग कॉलेजात किंवा दुसऱ्या दंतवैद्याकडे तपासून ‘सध्या दाताची काय अवस्था आहे’ हे लिहून घ्या. दुसऱ्याची चूक लिहून द्या म्हटलंत तर कोणी देणार नाही.

डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे जाता येतं. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायचं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी नाही. कॉलेजात आधी विभागप्रमुख, मग डीन. बहुतेक गोष्टी तिथेच मिटतात, कारण काम पुन्हा करून द्यायला त्यांच्याकडे हात भरपूर आहेत.

सरकारीत मात्र मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ती सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे घेतले म्हणूनही येत नाही. पण जिथे काही रुग्णांकडून उपचाराचे पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथे मोफतवालाही ग्राहक ठरतो. सिव्हिलमधली तक्रार म्हणून लेखी स्वरूपात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यायची, पालिका रुग्णालयातली तिथल्या अधीक्षकांकडे किंवा पालिकेच्या आरोग्य विभागात. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून परत घ्या.